पदरी आणि तिच्या मागचे

मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करते. गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या अलीकडे एका गावात आमचा दवाखाना आहे. दोन खोल्या, बाहेर जनावर उभं करायचा लोखंडी खोडा आणि खोड्यावर सावली धरणारं लिंबाचं झाड. कागदावर माझा हुद्दा पशुधन पर्यवेक्षक असा आहे, पण तेवढं लांबलचक कुणी म्हणत नाही. पुरुष मॅडम म्हणतात, बाया डाक्टरीन म्हणतात. लस टोचायची, कानाला बिल्ला मारायचा, गाभण जनावर तपासायचं, पोट फुगलेल्या म्हशीला तेल पाजायचं, ही माझी कामं. यातलं प्रत्येक काम मला चांगलं येतं.

याच दवाखान्यातल्या टेबलावर मी एक जग रचलं. त्यात आपल्याकडचं एकही जनावर नाही आणि आपल्याकडचं एकही गाव नाही. त्यावर माझं पुस्तक आलं आहे. लोक विचारतात, बीडमध्ये राहून हे सुचलं कसं. मला वाटतं, बीडमध्ये होते म्हणूनच ते धड झालं. कसं झालं ते सांगते.

माझं माहेर युसूफ वडगावच्या बाजूचं. घरची जमीन भरपूर, वडील राजकारणातले, त्यामुळे बैठकीत सतत माणसं आणि आत सतत चहा. मी कोपऱ्यात बसून वहीच्या मागच्या पानांवर प्राणी काढायची. तीन डोळ्यांचे, शेपटीला हात फुटलेले. त्यावरून कुणी रागावलं नाही आणि कुणी कौतुकही केलं नाही. पुढं शिकले, नोकरी लागली, लग्न झालं, बदल्या होत होत इथं आले. इथं दुपारी एकनंतर दवाखान्यात सहसा कुणी येत नाही. परिचर काका खोड्याशेजारी सतरंजी टाकून आडवे होतात. एका दुपारी मी दोनशे पानी वही उघडली आणि लिहायला बसले.

त्या पहिल्या वहीतला मुख्य प्राणी होता वायुशृंग. त्याला सहा पाय, दोन पांढरे पंख आणि कपाळावर काचेसारखं शिंग. तो डोंगरमाथ्यावर राहायचा आणि चांदणं खायचा. मी त्याचं चित्र काढलं होतं, रंगीत पेन्सिलींनी, फार मन लावून. माझे यजमान गेवराईला शाळेत शिकवतात. त्यांना दाखवलं तर ते म्हणाले, "छान आहे." त्यांना माझं सगळंच छान वाटतं, त्यामुळे त्यातून काही कळत नाही.

पौषाच्या दिवसांत एक बाई मेंढी घेऊन आली. वय पंचावन्नच्या आसपास, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, गळ्यात दोरीला कापडी पिशवी आणि पिशवीत मोबाईल. हातात काठी, काठीच्या टोकाला लोखंडी आकडा. शेजारच्या गावात त्यांचं घर आणि थोडी कोरडवाहू जमीन होती, पण वर्षातले सात-आठ महिने सगळं कुटुंब मेंढरांमागं आसपासच्या रानांतून फिरायचं. मेंढीचा खूर सडला होता. मी खूर कापला, धुतला, औषध भरलं. हात धुऊन आत आले तर बाई टेबलापाशी उभी राहून वायुशृंगाकडं बघत होती.

"हे काय काडलंस?"

"प्राणी आहे, मावशी. माझ्या गोष्टीतला."

"कुटं असतंय?"

"कुठंच नाही. मी मनानं केलाय."

तिनं वही हातात घेतली. वाचता येत नव्हतं तिला, पण चित्र तिनं बाजारात जनावर बघतात तसं बघितलं. आधी पाय, मग पाठ, मग तोंड.

"खातंय काय?"

"चांदणं."

ती हसली नाही. "मंग आमुशाला?"

तिनं बोट शिंगावरून पायांकडं सरकवलं.

"पाय सहा हायत," ती म्हणाली. "बसताना कोनचे आदी दुमडतंय?"

हे मी ठरवलंच नव्हतं, आणि याची मला खरोखर लाज वाटली. गाय आधी पुढचे पाय दुमडून बसते आणि उठताना मागचे आधी उचलते, हे मी रोज बघते. त्यावरूनच मी दुखणं ओळखते. दहा-बारा वर्षं मी जनावरांची पोटं चाचपली, जबडे उघडून दात मोजले, शेण हातात घेऊन बघितलं. आणि जग रचायला बसले तेव्हा ते सगळं बाहेर खोड्यापाशी ठेवून आले होते.

"आन हागतंय काय?" तिनं वही ठेवता ठेवता विचारलं. "कळप मागं वाटंवर काय सोडून गेला, ते बगूनच आमी जनावर वळकतो."

मेंढी घेऊन ती गेली. मी वायुशृंगाचं पान फाडलं नाही, अजून आहे ते. पण दुसऱ्या दिवशी नवं पान घेतलं आणि त्यावर पोटापासून सुरुवात केली.

पुढचा दीड-एक महिना मी एकच प्राणी केला. माझं जग उष्ण होतं, झाडं काटेरी, पाणी लांब लांब. तिथं कोण जगेल? काटे चावायला ओठ जाड लागतील, टाळू कडक लागेल. पोट चार कप्प्यांचं, कारण इतका वाळका चारा एका दमात पचत नाही. पंख काढून टाकले. पण पंखांच्या जागी काहीतरी हवं असं वाटत राहिलं. एके दिवशी शेळी तपासताना तिचा लोंबता कान हातात आला. उन्हातून आलेली शेळी होती, कान तापलेला, त्यातल्या शिरा टरारलेल्या. जनावर कानातून उष्णता बाहेर टाकतं, हे मी परीक्षेत लिहून आले होते. त्या कानावरून मला खांदे सुचले. माझ्या प्राण्याच्या दोन्ही खांद्यांवर कातडीची पातळ, रुंद घडी असेल. थंडीत ती अंगाला लपेटलेली राहील, आणि उन्हात तो प्राणी ती पसरून वाऱ्याकडं धरेल.

मावशी आता महिन्यातून दोनतीनदा यायची. कधी जंताच्या औषधाला, कधी नुसती वाटेत म्हणून. मी तिला नवं चित्र दाखवलं. सहाचे चार पाय झाले होते. तिनं बराच वेळ बघितलं.

"ह्ये जगंल," ती म्हणाली. "नाव काय?"

"वायुशृंगच ठेवलंय अजून."

"नाव लांबनं हाक मारता आलं पायजे, माय. तुजं नाव तोंडातनं बाहीर पडस्तोवर जनावर कापसात घुसंल." मग तिनं खांद्यावरच्या घडीवर बोट ठेवलं. "ह्ये पदरावानी दिसतंय. पदरी म्हन की."

आमच्याकडं मेंढरांची नावं अशीच असतात. काजळी, भुरी, बांडी. जे दिसतं ते नाव. पदरी हे नाव मी त्याच दुपारी वहीवर घातलं आणि ते पुन्हा बदललं नाही.

प्राणी झाला तशी माणसं करायला घेतली. पदरी चरायला लांब लांब जाणार, म्हणजे तिच्याबरोबर हिंडणारी माणसं हवीत. आणि पाणी आहे तिथं घरं बांधून राहणारी दुसरी माणसं हवीत. हिंडणाऱ्यांना मी मुक्तजन म्हटलं. त्यांच्याकडं जमीन नाही, भिंती नाहीत, आणि त्यांच्या भाषेत 'माझं' या अर्थाचा शब्दच नाही, असं मी लिहिलं. हे मला फार सुंदर वाटलं होतं. त्यांच्यावर पहिलं मोठं प्रकरण लिहिलं ते दुष्काळाचं. वस्तीतली माणसं उपाशी पडतात. मुक्तजन आपला सगळा कळप कापून त्यांना खाऊ घालतात, आणि मागं न बघता हसत डोंगराकडं निघून जातात. शेवटचं वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

होळी झाल्यावर मावशी आली तेव्हा मी तिला ते प्रकरण वाचून दाखवलं. ती पायरीवर बसली होती, काठी मांडीवर आडवी. मी तासभर वाचलं असेल. तिनं मधे काही विचारलं नाही.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "झालं?"

"झालं."

"जाते. उन्हं उतरायलीत."

मला वाटलं, तिला भरून आलंय. घरी जाऊन मी यजमानांना तसं सांगितलंसुद्धा, की माझं प्रकरण ऐकून मावशी एक शब्द बोलू शकली नाही.

त्यानंतर ती आली नाही. चैत्र गेला. औषधाला तिची सून आली. दहावी झालेली, एरवी गप्पिष्ट मुलगी. पण ती बाहेरच उभी राहिली, बाटली घेतली आणि गेली. एकदा कालव्याच्या रस्त्यावर मी स्कूटीवरून जाताना मावशी दिसली. मी हात केला. तिनं मेंढरांकडं बघितलं, मी दिसलेच नाही असं. मला कळेना काय झालं. मी मनात शोधत राहिले की औषधाची मात्रा चुकली का, एखादं कोकरू दगावलं का.

मृगाच्या आधी मेंढरांना आंत्रविषाराची लस द्यावी लागते. नवा चारा फुटला की मेंढरं अधाशासारखं खातात आणि उभ्या उभ्या पडतात. मी आणि परिचर काका लसीची पेटी घेऊन त्यांच्या मुक्कामावर गेलो. एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात त्यांनी मेंढरं बसवली होती. खतासाठी शेतकरी बोलावतात, बदल्यात धान्य देतात. भोवती वाघर म्हणजे जाळीचं कुंपण, त्यात मेंढरं. मावशी एकेक मेंढरू गुडघ्यांत धरायची, मी टोचायची, सून पाठीवर रंगाचा ठिपका लावायची. काम सुरू असताना मावशी बोलली, पण फक्त मेंढरांबद्दल. ही पहिलारू हाय. हिला जपून टोच. हिची माय मागच्या साली वाघरात आडकून मेली. प्रत्येकीचं काही ना काही तिला माहीत होतं.

शेवटचं मेंढरू सुटलं. मी हात धुतले आणि सरळ विचारलं.

"मावशी, माझं काही चुकलं का?"

ती जाळी गुंडाळत होती. "तुज्या बापाला जिमीन किती हाय?"

"भरपूर आहे."

"मंग दुस्काळात त्यानं ती समदी वाटली, आन हसत निगून गेला, असं लिवशील का?"

जाळीची घडी तिनं खाली ठेवली.

"तू अडाणी असतीस तर मी बोलले नसते," ती म्हणाली. "तुला ठावं हाय एक मेंढरू वाडवाया काय लागतंय. तू सोता टोचतीस. तरी माज्या हातानं समदी कापून घेतलीस. आन वर मला हसवलंस."

"ते तुम्ही नाही, मावशी. ती गोष्टीतली माणसं आहेत."

"मंग त्यांच्या हातात माजी काठी कावून दिलीस?"

ते खरं होतं. मुक्तजनांच्या हातातली लोखंडी आकड्याची काठी मी तिच्याच हातातून उचलली होती.

"आन म्हनं त्यांना 'माजं' म्हनाया शब्दच न्हाई," ती पुढं म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. "आगं, आमी लोकांच्या रानात ऱ्हातो. आमाला तो शब्द दिसातनं धा बार लागतोय. जिमीनवाल्याला कशाला लागंल? त्येची जिमीन कुटं चालून जातीय?"

परिचर काका पेटी स्कूटीला बांधत होते, तेही थांबले. मी म्हणाले, "चुकलं माझं." ती म्हणाली, "आसू दे. च्या घे." आम्ही तीन दगडांच्या चुलीवरचा चहा घेतला आणि निघालो.

परत येताना मला राग आला होता, हे कबूल करते. मला वाटलं, मी इतकं चांगलं दाखवलंय यांना, तरी यांना लागलं. दोन दिवस मी वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी उघडून ते प्रकरण पुन्हा वाचलं, आणि मावशीच्या कानांनी वाचलं. मी जमीनदाराची लेक होते. वस्तीतल्या लोकांना मी घरं दिली होती, भांडणं दिली होती, लोभ दिला होता, एका म्हाताऱ्याला तर दातदुखीसुद्धा दिली होती. मुक्तजनांना मात्र मी फक्त चांगुलपणा दिला होता. त्यांच्यातल्या एकालाही भूक लागत नव्हती. मी प्रकरणावर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काट मारली.

मग एक दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि मावशीला फोन केला. "तुमच्याबरोबर दिवसभर चालले तर चालेल का?"

"चाल की," ती म्हणाली. "पानी घिऊन ये. आन तुजी ती चप्पल नगं."

सकाळी सातला निघालो. मेंढरं पुढं, मावशी मागं, मी तिच्या मागं. मला वाटत होतं मेंढपाळ वाट दाखवतो. तसं नव्हतं. वाट कळप काढायचा, मावशी फक्त त्याला काय काय करू द्यायचं नाही ते ठरवायची. त्यासाठी तिच्याकडं तीन प्रकारचे आवाज होते. जवळच्या मेंढीला जिभेची टिचकी, मधल्या अंतराला घशातला एक खर्ज, आणि टोकाला गेलेल्या मेंढीला लांब शीळ. मी ते तिन्ही काढून बघितले. मेंढरांनी माझ्याकडं लक्ष दिलं नाही, सून मात्र बराच वेळ हसली.

दुपारी माळावर एकही झाड नव्हतं. मेंढरं थांबली, एकमेकींना चिकटून गोल उभी राहिली आणि प्रत्येकीनं आपलं डोकं शेजारणीच्या पोटाखाली घातलं. उन्हात असं करतात, हे मी वाचलं होतं, पण इतक्या जवळून बघितलं नव्हतं. मी तिथंच बसून लिहिलं: पदऱ्या दुपारी गोल उभ्या राहतात, खांद्याचे पदर एकमेकींवर पसरतात, आणि त्या सावलीत माणसं आपली तान्ही मुलं ठेवतात. मावशीला वाचून दाखवलं.

"हां," ती म्हणाली. "आत वास लई येतो. ते बी लिव."

चारच्या सुमाराला एक शेतकरी बांधावर आला. त्याला रानात मेंढरं बसवून हवी होती. मग पाऊण तास बोलणं चाललं. किती मुक्काम, जेवारी किती, विहिरीचं पाणी धरून की वेगळं, त्याचा कुत्रा बांधणार की नाही. तो म्हणाला, "तुमचं काय, तुमी आज हितं, उद्या तितं." मावशी म्हणाली, "तुमचं काय, तुमी बसले ते बसले." दोघंही शांतपणे बोलत होते आणि दोघंही मागं हटत नव्हते. शेवटी कुत्रा बांधायचं ठरलं, पाणी धरूनच ठरलं, जेवारीत मावशीनं थोडं सोडलं.

तो गेल्यावर मी विचारलं, "मावशी, गोष्टीतल्या त्या हिंडणाऱ्या लोकांचं नाव मुक्तजन ठेवलं होतं. ते पण चुकलं का?"

"सोताला असं कोन म्हनतंय? लोक आपल्याला म्हनत्यात ते नाव येगळं आसतंय, आपुन आपल्याला म्हंतो ते येगळं."

या एका वाक्यानं माझ्या जगातल्या सगळ्या माणसांची सोय लागली. तेव्हापासून माझ्या पुस्तकात प्रत्येक जमातीला दोन नावं आहेत. हिंडणारे स्वतःला 'मागचे' म्हणतात, कारण ते पदरीच्या मागं चालतात आणि त्यात त्यांना मान वाटतो. वस्तीवाले त्यांना 'उडते' म्हणतात. वस्तीवाले स्वतःला 'पाण्याचे धनी' म्हणवतात, आणि मागचे त्यांना 'बसते' म्हणतात. मागच्यांच्या भाषेला मी तीन थर दिले, जवळची, मधली आणि लांबची. लांबच्या भाषेत खोटं बोलता येत नाही, कारण सगळा माळ ऐकतो. त्यामुळं सौदा नेहमी लांबच्या भाषेत होतो आणि प्रेम जवळच्या. हे मात्र कुणी सुचवलं नव्हतं, ते माझं.

दुष्काळाचं प्रकरण मी नव्यानं लिहिलं. बसत्यांचा प्रमुख मांस मागायला येतो, तर मागच्यांची म्हातारी म्हणते, आधी सांग, पाऊस आल्यावर आमची वाट तुझ्या रानातून जाणार का. तिला वाट हवी, विहिरीवर वार ठरवून हवा, आणि बदल्यात ती पदरीची लीद त्यांच्या रानाला देऊ करते. मागच्यांच्यातही दोन तट पडतात. एक बाई रात्रीतून आपल्या चार पदऱ्या घेऊन पळून जाते. एका प्रकरणाची तीन झाली. पहिल्या वहीतल्या माणसांना मी हलवायची तेव्हा ती हलायची. ही माणसं माझ्याशी हुज्जत घालायला लागली.

सगळं मावशीच्या म्हणण्यानं झालं असं नाही. एका ठिकाणी माझी पदरी म्हातारी होते आणि मरायच्या आधी कळप सोडून एकटी निघून जाते. मावशीनं ऐकून मान हलवली. "मेंढरू असं जात न्हाई. मरताना तर लईच चिकटून ऱ्हातंय."

"मेंढरू नाही, पदरी आहे," मी म्हणाले. "ती जाते."

"कावून?"

"कारण उरलेल्यांनी तिच्यासाठी थांबू नये. थांबले तर सगळे पाण्याविना मरतील."

तिनं काठीनं मातीत रेघ ओढली, पुसली. "मंग तिला आदीपासनं तशी कर. लहानपनापासनं जरा बाजूला चरनारी. आसती एकांदी तशी." ते मी केलं. पण पदरी जाते, हे मी बदललं नाही.

पुस्तक पुरं व्हायला तीन वर्षं लागली. एका प्रकाशनाकडं पाठवलं. संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका वाड्यावर व्यालेल्या म्हशीची अडकलेली वार काढत होते, खांद्यापर्यंत हातमोजा. नंतर फोन केला. ते सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, लिखाण आवडलं, पण दोन गोष्टी. एक म्हणजे प्राण्याला पंख द्यावेत, मुलांना उडणारे प्राणी हवे असतात. आणि दुसरं, लिदेवरून एवढी मोठी बोलणी आहेत, ती कमी करता येतील का.

मी म्हणाले, "लीद काढली तर बसते मागच्यांना वाट का देतील?"

ते म्हणाले, "दुसरं काहीतरी देता येईल. एखादा मंत्र, एखादा मणी."

"मणी कुणी दिला तरी रान पिकत नाही," मी म्हणाले. "आणि पंख दिले तर त्या जनावराला माणसांची गरज उरत नाही. मग मागचे कशाला हवेत?"

त्यांनी विचार करून आठवड्यानं कळवलं की लीद राहू द्या. चित्रकारानं तरी पहिल्या चित्रात पदरीच्या खांद्याला पिसं काढलीच होती. मी त्यांना उस्मानाबादी शेळीच्या कानाचे चार फोटो पाठवले, उन्हाकडं धरून काढलेले, आतल्या शिरा दिसतील असे. दुसरं चित्र आलं ते बरोबर होतं.

पुस्तकाच्या प्रती आल्या तेव्हा कापूस वेचून झाला होता आणि पऱ्हाट्यांत मेंढरं सोडायचे दिवस होते. मी एक प्रत घेऊन मावशीच्या मुक्कामावर गेले. सकाळची वेळ होती. मावशी एका कोकराच्या पायात मोडलेला काटा काढत होती. तिनं हात पदराला पुसले, पुस्तक घेतलं, आधी मुखपृष्ठावरच्या पदरीचे पाय बघितले, मग तोंड, आणि सुनेकडं दिलं. "वाच."

सून वाचायला लागली. ज्याच्या रानात मेंढरं बसली होती तो शेतकरी डोक्याला रुमाल गुंडाळून बांधावर उभा होता, तोही येऊन बसला. सून चांगली वाचते, न अडखळता, आणि मागच्यांचं बोलणं तिनं आपोआप त्यांच्या घरच्या हेलात वाचलं. पाण्याच्या सौद्याचा भाग आला तेव्हा मावशीनं काट्याचं काम थांबवलं. मागच्यांची म्हातारी बसत्यांच्या प्रमुखाला बांधावर उभं ठेवते, पाणीसुद्धा विचारत नाही, तिथं ती गालात हसली. ते हसू मी लिहून दिलेलं नव्हतं.

शेतकऱ्यानं सुनेला हातानं थांबवलं. "मॅडम, हे बसते म्हंजे आमी का?"

मी काही म्हणायच्या आत मावशी म्हणाली, "तुमीच. दुसरं कोन?"

"आमी येवढे वाईट न्हाई," तो म्हणाला.

"वाईट कुठं म्हटलंय, दादा?" मी म्हणाले. "त्यांचीही बाजू आहे पुढं. त्यांच्या विहिरी कशा आटल्या ते येतंय."

"यायला पायजे," तो म्हणाला आणि मांडी घालून नीट बसला. सुनेनं सोडलेली ओळ बोटानं शोधली आणि पुढं वाचायला लागली. मला पुढच्या गावात बिल्ले मारायचे होते, पंधरा-वीस जनावरं पारापाशी आणून बांधली असतील, म्हणून मी चप्पल घातली. मावशीनं मला जा म्हणून हात केला, पण बघत ती सुनेकडंच होती. कालव्याच्या पुलावर लावलेल्या स्कूटीपर्यंत चालत जाताना मला सुनेचं वाचणं ऐकू येत होतं, आणि मधे मधे शेतकऱ्याचं काहीतरी विचारणं.